हीटर, मी आणि दोनची लाईट

सोलापुरात हीटर घेतला असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतो. त्याचं काही चुकत नाही. मे महिन्यात पारा ४४ ला टेकणारं हे गाव. आमच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आठ महिने कूलरची गवताची पॅडं लटकलेली असतात आणि उरलेले चार महिने ती काढायचा कंटाळा म्हणून लटकतात. अशा दुकानात जाऊन "हीटर आहे का" विचारणं म्हणजे मटणाच्या दुकानात केळी मागणं. दुकानदार म्हणाला, "अंघोळीचा?" मी म्हणालो, "नाही, अंगाचा."

पण डिसेंबरात रात्री दोन वाजता, कुंभारी गावाच्या अलीकडं आमच्या शेतात, गव्हाला पाणी देत ओल्या वाफ्यात अनवाणी उभं राहून बघा. पारा असतो बारा-तेरा. सिमल्याच्या माणसाला यात घाम येईल, पण आमचं रक्त उन्हाळ्याच्या हिशेबानं पातळ करून ठेवलेलं. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री, आणि आमच्या वाट्याला हटकून रातपाळी येते. एक वाफा भरला की दुसऱ्याचं दार मोडायचं, मधल्या पंधरा-वीस मिनिटांत दात वाजवत बसायचं. बसायला एक केबिन आहे. रस्त्याच्या कामावरून जुनी विकत घेतलेली, दहा बाय आठची, पत्र्याची. दारावर अजून 'सुपरवायझर' लिहिलंय. उन्हाळ्यात तिच्यात पापड भाजावेत आणि हिवाळ्यात कुल्फी जमवावी.

शेजारच्या रानातले अण्णा माझ्यासारखेच रातपाळीला असतात. ते बांधावर तुराट्या पेटवतात, घोंगडं घेतात आणि आरामात बसतात. मला त्या धुरानं खोकला येतो. शिवाय मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, साधा उपाय मला पटत नाही.

एवढ्यात मेहुणा आला. त्याच्या ट्रक आहेत. तो म्हणाला, "दाजी, बाहेरच्या देशात ट्रकच्या केबिनला डिझेलवरचा हीटर असतो. बारा व्होल्टवर चालतो. ड्रायव्हर उणे वीसमध्ये बनियनवर झोपतो." आठ दिवसांत खोकं हजर. पाच किलोवॅटचा चिनी हीटर, पाच लिटरची टाकी, एक छोटा पंप, काळा-चंदेरी पाइपांचा गुंता, आणि एक माहितीपुस्तिका जी वाचून फक्त एवढं कळत होतं की लिहिणाऱ्याला आपली फार काळजी आहे.

पाच किलोवॅट म्हणजे किती, हे बघायला हवं होतं. घरातले दोन हजार वॅटचे अडीच रूम हीटर एकदम लावावेत एवढी ती ऊब. ऐंशी चौरस फुटांच्या खोक्याला. सोलापूरच्या थंडीला. पण मेहुण्याचं म्हणणं, "कमी पडण्यापेक्षा जास्त बरं." हे वाक्य लग्नाच्या पंक्तीत खरं असतं, हीटरच्या बाबतीत नाही. ते मला दीड महिन्यानं कळलं.

बसवायचं काम एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं केलं. यंत्राची कल्पना तशी छान आहे. आत एक छोटी भट्टी. पंप थेंब थेंब डिझेल देतो, ग्लो प्लग लाल होऊन ते पेटवतो. भट्टीचा धूर एका नळीनं बाहेर, जळायला लागणारी हवा दुसऱ्या नळीनं बाहेरूनच आत, आणि केबिनची हवा भट्टीच्या बाहेरच्या अंगानं फिरून गरम होते. दोन्ही हवांची भेट होत नाही. आमच्या दोन मावश्यांसारखं, एकाच घरात राहून.

धुराची नळी पत्र्यातून बाहेर काढली तेव्हा अण्णा बांधावरून आले. "ही चिमणी का?" त्यांनी विचारलं. सोलापुरात चिमणी हा शब्द जपून वापरावा लागतो. २०२३ साली विमानाच्या वाटेत येते म्हणून इथल्या साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, त्यावरून अख्ख्या गावात दोन तट पडले होते. अण्णांनी माझ्या दीड वितीच्या नळीकडं बघितलं, वर आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, "विमानाला आडवी येत नाही न्हवं?"

पहिली रात्र. बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पंप टिकटिक करायला लागला, नळीतून पांढरा धूर आला, आणि पाच मिनिटांत गरम हवेचा असा झोत आला की माझे डोळे भरून आले. दहा मिनिटांत केबिन तिशीच्या वर. पंधराव्या मिनिटाला मी स्वेटर काढला. विसाव्या मिनिटाला दार उघडलं. म्हणजे डिसेंबरात मी डिझेल जाळून मे महिना तयार केला आणि मग तो बाहेर घालवायला दार उघडून बसलो. डिझेल नव्वदीच्या पुढं.

त्यात बायकोनं कुठंतरी कार्बन मोनॉक्साइडबद्दल वाचलं. रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. "अहो, बंद खोलीत ते पेटवून झोपू नका." वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. मी धुराची नळी खाली उतरती ठेवून, तिचं तोंड खिडकीपासून लांब काढलं होतं, सांधे घट्ट केले होते, तरी तिनं गॅस ओळखणारा अलार्म आणून भिंतीला लावायला लावला. तो तिसऱ्या रात्री अडीचला किंचाळला. मी चड्डी-बनियनवर गव्हात धावलो. गॅस वगैरे काही नव्हता, अलार्मचा सेल संपत आला होता. तेव्हापासून मी सेलही नवे घातले आणि खिडकीही चार बोटं उघडी ठेवली. आता त्या फटीतून येणारी थंडी घालवायला हीटर जरा वाढवावा लागे.

पंपाची टिकटिक हा वेगळाच प्रकार. पाल चुकचुकावी तशी. अण्णा एकदा आत डोकावून म्हणाले, "हे पैशे पाण्यात गेलं बघा तुमचं." लगेच पंप म्हणाला, टिक. "बघा," अण्णा म्हणाले, "पाल बी खरं म्हणालीय."

विजेचं गणित मी धरलंच नव्हतं. चालू झाल्यावर हीटर बॅटरी फारशी खात नाही, पण पेटताना ग्लो प्लग दहा अँपिअरच्या आसपास ओढतो. आणि बॅटरी ट्रॅक्टरची. पहाटे हीटर झकास, सकाळी ट्रॅक्टर मेलेला. तो ढकलायला अण्णांनाच बोलवावं लागे. ट्रॅक्टर ढकलताना ते काही बोलत नसत. ते जास्त लागायचं.

मग हीटर मध्येच विझायला लागला. पडद्यावर 'ई-०८'. पुस्तिकेत याचा अर्थ ज्वाला गेली. का गेली ते शोधताना कळलं की पंप आडवा बसवलाय. तो तिरका हवा, बाहेर पडायचं तोंड वर, म्हणजे बुडबुडे पुढं निघून जातात. आडव्या पंपात ते साठतात आणि भट्टीला डिझेलऐवजी हवा पोहोचते. पंप केबिनच्या बाहेरच्या अंगाला. मी तो तिरका केला आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्या पारदर्शक नळीसमोर उकिडवा बसलो. नळीचं भोक उदबत्तीच्या काडीएवढं. त्यात मोहरीएवढा एक बुडबुडा. प्रत्येक टिकला तो नखभर पुढं सरके आणि अर्धं नख मागं येई. टिक, पुढं. मागं. टिक, पुढं. मी अर्धा तास त्या बुडबुड्याला पोचवायला बसलो होतो, तीनदा शिंकलो, आणि तिकडं वाफा फुटून पाणी अण्णांच्या हरभऱ्यात गेलं.

खरा आजार पुढं निघाला, आणि त्याचं मूळ मेहुण्याच्या त्या 'जास्त बरं'मध्ये होतं. केबिन एवढीशी आणि हीटर एवढा मोठा, म्हणून फटीपायी जरा वाढवला तरी तो मंद आचेवरच चालायचा. मंद आचेवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते. मधूनमधून त्याला तासभर पूर्ण जोरात पळवावं लागतं, म्हणजे काजळी जळून जाते. पण पूर्ण जोरात पळवला की आत माणूस पळायला लागतो! जानेवारीत एका रात्री तो पेटेचना. 'ई-१०'. दोनदा प्रयत्न केला, दोनदा नुसता पांढरा धूर आणि रॉकेलच्या चिमणीसारखा वास.

हीटर काढून पिशवीत घातला आणि पूर्व भागात अशोक चौकाजवळ एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. त्यांनी आयुष्यभर रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त केले. आता स्टोव्ह येत नाहीत, मिक्सर येतात. त्यांनी यंत्र उघडलं आणि त्यांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा झाला. "अरे, हे तर स्टोव्हच की!" त्यांनी पोऱ्याला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'चलि' म्हणजे थंडी एवढाच शब्द कळला, बाकीचं दोघांच्या हसण्यात गेलं.

ग्लो प्लगभोवती बोटाच्या पेराएवढी एक गोल जाळी असते, तिच्यातूनच डिझेल पसरतं. ती काजळीनं गच्च बुजली होती. ओढून काढायला त्यांच्याकडं बारीक हत्यार नव्हतं, म्हणून मी खिशातून बायकोचा भुवयांचा चिमटा काढला. (तो घरून का आणला होता ते तिला अजून माहीत नाही.) भट्टीतून काजळी निघाली ती अशी की आमच्या आजीनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आठवलं, फक्त एवढ्यात सगळ्या पेठेतल्या बाळांची सोय झाली असती. ब्रश, पिन, नवी जाळी, नवं गॅस्केट. त्यांनी पैसे सांगितले तीनशे आणि वर सल्ला फुकट: "बंद करताना एकदम वायर काढू नका. पंखा फिरू द्या. गरम स्टोव्हवर पाणी ओतता का?"

हे ते बोलले आणि मला आठवलं, रोज पहाटे ट्रॅक्टरसाठी बॅटरी सोडवताना मी काय करत होतो. बटण बंद केलं तरी पंखा तीन-चार मिनिटं फिरत राहतो, भट्टी गार करायला. मला वाटायचं, ऐकत नाही.

उन्हाळ्यात हीटर तसाच राहिला. नोव्हेंबरात पेटवायला गेलो तर धुराच्या नळीत मातीचं बूच. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. शेत कुंभारीजवळ, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? तारेनं माती उकरली, टाकीतलं जुनं डिझेल बदललं, पंपाचा कोन बघितला, सेल बदलले, हीटरसाठी वेगळी बॅटरी आणली.

परवा पुन्हा रातपाळी. रात्री दोनला लाईट आली, मोटर सुरू केली, हीटर पेटवला. दहा मिनिटांत टिकटिक अडखळली. मी बाहेर गेलो, पंपाजवळ उकिडवा बसलो, मोबाइल लावला. नळीत बुडबुडा होता. टिक, पुढं. मागं. वारं कानात शिरत होतं. बांधावर बघितलं तर अण्णांच्या तुराट्या विझलेल्या, घोंगडंही दिसेना. इतक्यात केबिनमधून त्यांचाच आवाज आला.

"काय करलालाव ओ बाहेर? तेवढं दार लावून घ्या की. गार वारं आत येऊ लालंय."