नेमका कोणता हिरवा?

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीनं यंदा ‘१९७१चा विजय’ हा देखावा ठरवला आणि विमानांची जबाबदारी एकमतानं माझ्यावर टाकली. एकमत झालं, कारण त्या सभेला मी गेलो नव्हतो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन विंगांत प्लास्टिकची विमानं चिकटवणारा पन्नाशीचा गृहस्थ मी एकटाच. बाकीचे या वयात गुडघे सांभाळतात.

“दोन-तीन विमानं टांगायची, एवढंच,” सेक्रेटरी म्हणाले. “फार बारकाईत शिरू नका.”

कोकणातल्या माणसाला मासळीबाजारात नुसता फेरफटका मारून या म्हणावं, तसं झालं हे.

लोकांना वाटतं, या छंदात कठीण काम चिकटवण्याचं. ते चार संध्याकाळींत उरकतं. खरा छळ सुरू होतो खुणांपाशी. पंखावरचं वर्तुळ, शेपटीवरचा झेंडा, अंगावरचा क्रमांक, रंगाचे पट्टे. यातल्या प्रत्येक खुणेला जन्मतारीख असते आणि बहुतेकींना मृत्युतारीखही.

हे मला दहा वर्षांपूर्वी कळलं. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधलं, म्हणजे १९४०मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईतलं म्हणून मी एक स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान केलं होतं. शेपटीच्या अलीकडे फिकट हिरवट पट्टा, नाकाला तोच रंग, अगदी झोकात. एक मित्र आला, चहा घेतला, विमानाकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठल्या महिन्यातलं?” मी म्हटलं, “सप्टेंबर १९४०.” तो शांतपणे म्हणाला, “हा पट्टा नोव्हेंबरच्या अखेरीस आला. लढाई ३१ ऑक्टोबरला संपली.” माझा वैमानिक म्हणजे पंगती उठल्यावर आहेर घेऊन पोचलेला पाहुणा ठरला. विमान शोकेसमध्ये फिरवून ठेवलं असतं, पण पट्टा पडला गोल. कुठूनही पाहिलं तरी दिसतो.

तेव्हापासून मी तारखांच्या नादाला लागलो. आपल्याच विमानांवरचं वर्तुळ घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तेव्हाच्या ब्रिटिश पद्धतीच्या वर्तुळातला मधला लाल ठिपका काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील ही भीती. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आलं. मग आजचं तिरंगी वर्तुळ: केशरी बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत. हा क्रम कृपया लक्षात ठेवा. मी तो विसरू शकत नाही, तुम्ही निदान लेख संपेपर्यंत विसरू नका.

देखाव्यासाठी मी निवडलं मिग-२१ एफएल. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासावर, २८ स्क्वाड्रनच्या मिगनी रॉकेटं डागली. ऐन वेळी लक्ष्य बदललं, म्हणून वैमानिकांनी ती इमारत चक्क पर्यटकांच्या नकाशावरून शोधली. त्यांना इमारत सापडली. मला त्यांच्या विमानाचा हिरवा दीड महिना सापडत नव्हता.

त्याचं असं आहे. ही विमानं मुळात चकचकीत, उघड्या धातूची. युद्ध आलं तेव्हा ती लपायला हवीत, म्हणून तळातळांवर घाईघाईनं हातानंच रंग फासला. एकासारखं दुसरं नाही. तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की, काहीही रंगवा. उलट आहे हो! नियम असता तर तो पाळला की सुटलो. इथं एकेका विमानाचा एकेक फराटा, आणि पुरावा म्हणून एक कृष्णधवल फोटो, ज्यात हिरवा आणि तपकिरी दोन्ही राखाडी. मी भिंग घेऊन राखाडीतला हिरवा शोधत बसलो. भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “अहो, ही मेथी घ्या समोर, हाच असेल.”

नॉर्मंडीच्या वेळी असंच झालं होतं. जून १९४४मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या एक-दोन दिवसांत हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारले. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच. आमच्या मॉडेलच्या बहात्तरास एक या प्रमाणात तो होतो ६.३५ मिलिमीटर. आम्ही टेप लावून तो अचूक ६.३५ मारतो. खरे पट्टे मारले रात्री जागून, ब्रशानं, वाकडेतिकडे. म्हणजे अचूक मारला की चूक, आणि चुकीचा मारायला अचूक हात लागतो. मी वाकडी रेघ मारायला तीन आठवडे सराव केलाय. हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही.

शेवटी बी विंगमधल्या आजोबांकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेले, एकाहत्तरला हवाई दलात होते. साक्षात साक्षीदार! वही-पेन घेऊन बसलो.

“आजोबा, तुमच्या तळावर मिग रंगवले होते?”

“रंगवले तर! रात्रभर.”

“हिरवा कोणता होता? गडद, की जरा पोपटीकडे झुकणारा?”

“ते मला काय माहीत? मी स्टोअरला होतो. ब्रश मी दिले.” आजोबा जरा पुढे सरकले. त्यांचा आवाज खाली आला. “सतरा ब्रश, चार इंची. सही घेऊन दिले. एकही परत आला नाही.”

रंगाबद्दल पुढचा पाऊण तास मी निरनिराळ्या वाटांनी विचारत होतो. प्रत्येक वाट सतरा ब्रशांपाशी पोचत होती.

अखेर मीच एक हिरवा मिसळला. मग आले डेकल. हे म्हणजे पाण्यात सुटणारी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ चित्रं. वाटीत कोमट पाणी, त्यात अर्धा मिनिट, मग चिमट्यानं कागदावरून सरकवून पंखावर. पंखाखाली हात असतो आणि डोक्यावर पंखा नसतो. पंखा लावला की डेकल उडून सरळ फ्रिजखाली. श्रावणातली मुंबई, पंखा बंद, खिडक्या बंद. माझ्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमत होता आणि खाली होतं मिगचं वर्तुळ. या मिगचा पंखविस्तार आहे सात मीटरच्या वर, माझ्याकडे दहा सेंटीमीटरही नाही. थेंब पडला. वर्तुळ तरंगलं आणि माझ्या अंगठ्याला चिकटलं. त्या दिवशी मी पूर्णपणे भारतीय हवाई दलाचा होतो.

डेकलच्या आधी चकचकीत वॉर्निश द्यावं लागतं, नाहीतर खाली हवा अडकून डेकलभोवती चंदेरी चकाकी दिसते. पण पावसाळी दमट हवेत वॉर्निश वाळताना साय धरल्यासारखं पांढरं पडतं. म्हणून विमान फ्रिजच्या डोक्यावर, उबेला. आईनं झाकण म्हणून त्यावर चाळण पालथी घातली, “झुरळ बसेल” म्हणून. डेकल खड्ड्याखाचेत नीट बसावं म्हणून व्हिनेगर लावतात, तेही गेलं नूडल्सच्या बाटलीतून. दोन दिवस घरात चायनीजच्या गाडीसारखा वास होता.

चतुर्थीच्या आदल्या रात्री मिग टांगलं. फराटे वाकडे, हवे तेवढेच वाकडे. वर्तुळ: केशरी बाहेर, हिरवा आत. मी मागे सरकून पाहिलं आणि माझी नजर पडदाभर लावलेल्या फ्लेक्सवर गेली. बारा फुटी फ्लेक्स. ‘१९७१चा विजय’. खाली झेपावणारं राफेल, जे आपल्याकडे २०२०मध्ये आलं. आणि राफेलशेजारी गाडीच्या चाकाएवढं वर्तुळ: हिरवा बाहेर, केशरी आत.

“अहो, हे उलटं आहे,” मी सेक्रेटरींना म्हणालो.

“तिन्ही रंग आहेत ना?” ते म्हणाले. “मग झालं. आता तोरण धरा जरा.”

पहिल्या दिवशी आरतीनंतर अकरा जणांनी माझ्याजवळ येऊन, माझी लाज राखत, हळूच सांगितलं की तुमच्या छोट्या विमानावरचे रंग उलटे लागलेत. मागे मोठ्ठं बरोबर काढलंय, त्यावरून बघायचं होतं. सी विंगमधल्या चौथीतल्या मुलानं तर बोट दाखवून समजावून सांगितलं. मी दोघांना खुलासा केला, तिसऱ्यापासून “हो का? बघतो” म्हणू लागलो.

रात्री गर्दी ओसरल्यावर आजोबा काठी टेकत आले. फ्लेक्सकडे त्यांनी पाहिलंही नाही. चष्मा कपाळावर सरकवून मिगच्या अगदी जवळ गेले आणि फराटे बघत राहिले. बराच वेळ. मी श्वास रोखून उभा. इतक्या दिवसांत पहिलाच माणूस, ज्याला यातलं काही कळत होतं.

“हाताने मारलंस?” त्यांनी विचारलं.

“हो, आजोबा.”

“ब्रश कुठंयत?”