बापूची आफ्रिकेतली शेती

रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या टपरीवर बापूनं चहाच्या आधी मोबाईलच पुढे केला. टांझानियात जमीन कवडीमोल मिळते म्हणे. "बघ भो, नुसतं हिरवंगार! काहीही टाका, उगवणारच."

"इंग्रजांनाही असंच वाटलं होतं," मास्तर म्हणाले. (मास्तरांचा भूगोल निवृत्त झालेला नाही.) "युद्धानंतर खायच्या तेलाची टंचाई, म्हणून १९४७ साली टांगानिकात भुईमूग लावायला निघाले. तोच आजचा टांझानिया. बेत ३२ लाख एकरांचा! कोंगव्याला झुडपांच्या मुळ्यांनी यंत्रं मोडली. पाऊस ओढला आणि माती उन्हानं अशी आवळली की शेंगा निघेनात. १९५१ ला गाशा गुंडाळला. साडेतीन कोटी पौंडांच्या वर बुडाले."

"माती न तपासता गेले, बुडणारच. ब्राझीलवाल्यांनी करून दाखवलंच ना?"

बापूचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. सेराडो म्हणजे ब्राझीलमधला गवताळ माळ. तिथली माती आंबट. त्यातलं ॲल्युमिनियम पिकाची मुळं खुंटवतं, आणि स्फुरद (फॉस्फरस) घातलं तर ते मातीच धरून बसते. १९७३ साली एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था निघाली. आंबटपणा मारायला हेक्टरी टनांनी चुना पडला. सोयाबीन मूळचं थंड मुलखातलं, तिकडच्या लहान दिवसांत वीतभर असतानाच फुलायचं. त्यासाठी नवे वाण काढावे लागले. पण त्यामागे सरकार होतं. बापूमागे फक्त त्याचा मेव्हणा आहे.

दिंडोरीचे अण्णा हसले. "ते चुना ओततात, अन् आम्ही चुनखडीनं द्राक्षाची पानं पिवळी पडतात म्हणून फेरस, म्हणजे लोह, मारतो!"

सुरगाण्याचा आमचा मित्र एरवी गप्प असतो. तो म्हणाला, "आमच्या डोंगरावर पहिल्या साली नागली, मग वरई, मग खुरासणी. पुढं रान पडीक. आजा म्हणायचा, रानाची ताकद झाडात. जाळलं की राख एकदाच मिळते, तीही पावसाच्या हवाली."

बापू जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "चुना किती रुपये टन असेल तिथं?"

"चुन्याचं सोड, ट्रकभाडं विचार," अण्णा म्हणाले.

बापूनं व्हिडिओ बंद केला आणि नकाशा उघडला. जमिनीपासून डांबरी रस्ता कुठं लागतो, ते शोधत बसला. चहाचे पैसे मीच दिले.