उभ्या ट्रकच्या मालकाला न मागितलेला सल्ला

कसारा घाट उतरून आलेला तुमचा ट्रक ढाब्याच्या आवारात उभा आहे, ड्रायव्हर शेवभाजीवर बसलाय, आणि शेजारचा बाराचाकी रिव्हर्स घेतोय. त्याचा क्लीनर पत्र्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि ‘बस’ म्हणायच्या आत त्या गाडीचा फाळका, म्हणजे मागची उघडझाप होणारी फळी, तुमच्या केबिनच्या कोपऱ्यात. हेडलाईट गेली, बंपर वाकला, आरसा लोंबकळतोय. अशा वेळी मालक म्हणून तुमच्या डोक्यात जो पहिला विचार येईल, तो लगेच झटकून टाका. चूक त्याची आहे, तेव्हा पैसे तो देईल, हा तो विचार. तो शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शोभतो.

पहिल्या पाच मिनिटांत जमलेली गर्दी तुमच्या ड्रायव्हरला विचारेल, ‘गाडी इथं कशाला लावली?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तो प्रश्नच नसतो, निकाल असतो. पार्किंग लाईट चालू होती का? मागची रेडियम पट्टी धड होती का? चाक आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर वीतभर तर आलं नव्हतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करू नये असं लिहिलंय, आणि हे कलम गर्दीत एकाला तरी पाठ असतंच. ठोकणाऱ्याला लागू होणारी कलमं मात्र त्याच माणसाला त्या क्षणी आठवत नाहीत. तेव्हा हुज्जत घालू नका. आपला ट्रक शून्य वेगानं जाऊन फाळक्यावर आदळला, हे मोठ्या मनानं मान्य करून पुढे चला.

पुढे मांडवली. समोरचा ड्रायव्हर म्हणेल, ‘वस्ताद, झालं ते झालं, शेठशी बोलून घेतो.’ शेठचा फोन दोनदा लागणार नाही. तिसऱ्यांदा लागला की स्पीकरवर सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल असा आवाज येईल, ‘दोन हजार दे आणि निघ. तुझ्या पगारातून कापून घेईन.’ इथं तुमच्या ड्रायव्हरचा चेहरा बघा. तोही कुणाच्या तरी पगारावर आहे, त्याच्याही खिशातून असेच पैसे कापले गेलेत, आणि आता त्याला त्या माणसाशी भांडायचंय ज्याच्या जागी तो मागच्या वर्षी उभा होता. तो दोन हजारांवर गप्प बसेल. तुम्ही नंतर त्याला शिव्या द्याल, ते तुमच्या हक्काचं आहे. दोन्ही शेठ आपापल्या घरी झोपलेले असतात आणि दोन पगारी माणसं रात्री अकरा वाजता बंपरचा भाव ठरवतात, यालाच आपल्याकडे वाहतूक व्यवसाय म्हणतात.

तुम्ही तत्त्वाचे असाल तर पोलीस ठाणं आहेच. कलम १३४ नुसार तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ठोकणाऱ्या ड्रायव्हरनंच चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यायची असते, शिवाय आपल्या विमा कंपनीलाही कळवायचं असतं. हे वाचून गंमत वाटली असेल तर तुम्ही या धंद्यात मुरलेले आहात. प्रत्यक्षात ठाण्यात तुम्हीच जाता. तिथं ‘कुणाला लागलंय का?’ असं विचारतात. नाही म्हणालात तर ठाणे अंमलदाराच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, तीच तुमच्या तक्रारीची पोच समजा. फारच नेट लावलात तर अदखलपात्र नोंद होईल. पंचनाम्यासाठी मात्र गाडी जागेवर ठेवा म्हणतील. ठेवा की! मागं लासलगावचा कांदा भरलेला आहे, वाशीच्या मार्केटला पहाटे पोचायचाय, ताडपत्रीखाली तो घामेजतोय, आणि उशीर झाला की व्यापारी भाड्यातून कापणार आहे. कायद्यावर श्रद्धा असणाऱ्यानं कांद्याकडे बघू नये.

आता विम्याकडे वळू, कारण हा भाग मला मनापासून आवडतो. तुम्ही फर्स्ट पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारी पॉलिसी घेतलीय, म्हणून एजंटला फोन कराल. तो म्हणेल, ‘टाका क्लेम आपल्यातूनच.’ क्लेमचा फॉर्म येईल. त्यात विचारलेलं असेल, अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं? वाहनाचा वेग किती होता? खरं लिहा. कोणीही नाही. शून्य. मग लायसन्स, परमिट, फिटनेस, टॅक्स, बिल्टी (मालाची पावती) असं सगळं जोडा, म्हणजे जेवणाऱ्या ड्रायव्हरकडे जेवताना वैध लायसन्स होतं हे सिद्ध होईल.

नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि खरा अभ्यास सुरू होतो. तुमच्या ट्रकचं वय सहा वर्षं धरा. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. रबर आणि प्लॅस्टिकवर वयाचा विचार न करता ५० टक्के. काचेवर घसारा नाही, म्हणून पुढच्या वेळी ठोकणाऱ्याला काचेवरच मार म्हणून विनंती करून ठेवा. पण हेही सगळं जे भाग मुळात मोजले जातात त्यांचंच. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर, हेडलाईट आणि ठोकलेल्या भागाचा रंग हे आयएमटी २३ नावाचं जोडकलम जास्तीचा प्रीमियम भरून घेतलं असेल तरच धरतात. म्हणजे उभा ट्रक ठोकला की नेमकं जे जे फुटतं, तेवढंच वगळलेलं. ज्यानं ही यादी केली त्यानं नक्कीच कधीतरी एखाद्या ढाब्यावर बसून बारकाईनं निरीक्षण केलं असणार.

उरलेल्यातून अनिवार्य वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकानं स्वतःच सोसायची रक्कम, जाते. मग जो आकडा राहतो तो घेतलात की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला. पाच वर्षं एकही क्लेम न करता तो २० टक्क्यांवरून ५० पर्यंत चढवत नेला होता, ती शिडी दुसऱ्याच्या फाळक्यानं पाडली आणि भरपाई म्हणून हाती आला हेडलाईटच्या एका डोळ्याइतका पैसा. काही मालक इथं हिशेब करतात आणि क्लेम मागे घेतात. विमा कंपनीला असे हिशेबी ग्राहक फार आवडतात.

राहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे ठोकणाऱ्याच्या विम्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याचा रस्ता, जो खरं तर याचसाठी बांधलाय. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढताच येत नाही. जून २०२२ पासूनच्या दरानं २० ते ४० टनांच्या मालवाहू ट्रकला त्यासाठी वर्षाला ४३,९५० रुपये पडतात, कर वेगळा. तुम्ही भरता, ठोकणाराही भरतो. दोघं वर्षानुवर्षं भरतात आणि प्रसंग आला की ढाब्यावर दोन हजारांत मिटवतात. कारण त्याच्या कंपनीकडून पैसे हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, ही सोय चांगली आहे, उपरोध नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनं अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. अर्ज सहा महिन्यांत करायचा. निकालाची अशी घाई प्रत्यक्षात कुणालाच नसते.

त्यातही समोरच्याची पॉलिसी बघून घ्या. कायद्यात तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठी एके काळी ६,००० रुपयांची किमान मर्यादा होती. व्यापारी गाड्यांना साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण घेता येई, पण थोडा प्रीमियम वाचवायचा म्हणून मर्यादा ६,००० वरच ठेवून घेणारे मालकही होते. लाखोंच्या ट्रकवर लाखोंचा माल भरून फिरणारा माणूस तेवढे थोडे रुपये वाचले म्हणून खूश होतो. असा माणूस तुमच्या केबिनमध्ये घुसला, यात नशिबाचा दोष नाही.

आणि खाडा? गाडी गॅरेजात पडली, ट्रिपा बुडाल्या, फायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेला. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत अशा पुढच्या नुकसानीला जागाच नाही. न्यायाधिकरणात मागता येईल, पण बुडालेली ट्रिप सिद्ध करायला जी कागदपत्रं लागतात, ती न झालेल्या ट्रिपची तयार होत नाहीत. म्हणून ट्रान्सपोर्टरकडून आधीच्या ट्रिपांचे हिशेब मागून ठेवा. तो देईल. आधी त्याचे थकलेले पैसे तुमच्याकडून घेईल, मग देईल.

एवढं सगळं वाचूनही तुम्हाला काही करायचंच असेल, तर ड्रायव्हरला एकच शिकवा. भांडायच्या आधी मोबाईल काढायचा, दोन्ही नंबर प्लेट आणि घुसलेला फाळका एका फ्रेममध्ये येईल असा फोटो घ्यायचा, आणि त्या गाडीचा विमा चालू आहे का ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर तिथंच बघायचं. समोरच्या ड्रायव्हरला हे दिसलं की दोन हजारांचे कधी कधी पाच होतात. न्यायाधिकरणापेक्षा स्वस्त, आणि कांदाही वेळेत पोचतो.

बाकी पॉलिसीच्या नूतनीकरणाला एजंट येईल तेव्हा चहा पाजून त्याला विचारा की आयएमटी २३ टाकायचं का. तो म्हणेल, ‘टाकू की शेठ, थोडे वाढतील.’ तुम्ही विचाराल किती. तो आकडा सांगेल. तुम्ही म्हणाल, ‘पुढच्या वर्षी बघू.’