टोकन फाडण्याआधीची रांग
‘सरासरी प्रतीक्षेचा वेळ घटला, म्हणजे सेवा सुधारली’ हे रांगेतल्या प्रतीक्षेच्या पाहणीवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून थबकलो. अहो, वेळ मोजायला सुरुवात कुठून केली, हे आधी विचारायला नको का? मी काही वर्षं एका सरकारी कार्यालयात खिडकीवर बसलोय. आमचं घड्याळ टोकन फाडल्यापासून सुरू व्हायचं. वीस मिनिटांचं उद्दिष्ट आलं आणि आठवड्याभरात टोकनचं यंत्र दारातून उचलून माझ्या टेबलाशेजारी आलं. आधी ‘चौकशी’ची रांग, कागद तपासून झाले की मगच टोकन! अहवालात आम्ही झकास दिसलो. बाहेर ताटकळलेल्या आजींचे दोन तास मात्र कुठल्याच रकान्यात बसले नाहीत.

ही शक्कल काही आमचीच नव्हे. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातल्या रुग्णांसाठी चार तासांची मर्यादा आली, तेव्हा मुदत संपायच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची झुंबड आकडेवारीत उघड दिसू लागली. (प्रतीक्षा खरोखर घटलीही, ते नाकारत नाही.) निर्णयासाठी एखादा आकडा जितका जास्त वापराल तितका तो बिघडतो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं. लेखकाने एकट्या सरासरीऐवजी किती जणांना किती वेळ लागला याचा आलेख दिला असता, तर मुदतीच्या अगदी आधी अशा झुंबडीचा उंचवटा असल्यास कुणाच्याही नजरेत भरला असता. आणि पुढच्या पाहणीत संशोधकांनी एक दिवस रांगेत काढावा, स्वतःचं घड्याळ घेऊन.