‘बाराच्या आत अकॅडमी, नाही तर फुटबॉल संपला’ म्हणे. काहून बाप्पा?

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या निदान चार ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरला. थोडक्यात असा: पोरगं बारा वर्षांच्या आत मोठ्या नावाच्या निवासी अकॅडमीत टाकलं नाही तर विसरा, गावच्या मंडळात खेळून पोरं बिघडतात, अकॅडमीत गेलं की जेवण-शाळा-करिअर सगळं तेच पाहतात, ज्याला क्लबने काढलं त्याच्यात दम नव्हता, आणि गावच्या क्लबाला पोरगं घडवून मिळतं काय? खाली मेस्सीचा फोटो. त्याच्याखाली ॲडमिशनचा नंबर, म्हणजे मजकूर कोणी लिहिला ते सांगायला नको.

मी सोडून दिलं असतं. पण परवा दुकानात खताची बॅग न्यायला आलेला एक कास्तकार विचारतो, "भौ, अर्धा एकर विकाले काढू काय? पोट्ट्याले पाठवाचं म्हणतो." माझं कृषी केंद्र आहे, संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, पोट्टे खेळवतो, एआयएफएफचं (भारतातली फुटबॉल संघटना) कोचिंगचं डी लायसन्स काढलंय, त्याच्यापलीकडं माझी काही डिग्री नाही. पण अर्धा एकर वावर जात असेल तर बोलावंच लागते.

"बाराच्या आत, नाही तर कधीच नाही"

फोटो मेस्सीचा लावला ना, मग त्याचंच पाहू. मेस्सी स्पेनच्या बार्सिलोना क्लबला गेला २००० साली, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. त्याच्याआधी तो कुठं होता? अर्जेंटिनातल्या रोसारिओत, आपल्याच गावात. आधी ग्रांदोली नावाचा मोहल्ल्यातला छोटा क्लब, जिथं बापच कोच होता, मग त्याच शहरातला न्यूवेल्स ओल्ड बॉइज. रात्री घरी जेवायचा, घरी झोपायचा. बार्सिलोनाने हार्मोनच्या इलाजाचा खर्च उचलला हे खरं आहे, आणि तो त्या क्लबचा मोठेपणाच, पण बॉल पायात बसला तो घरच्या गावात. म्हणजे फॉरवर्डवाल्याचा स्वतःचा साक्षीदारच उलटला.

एन्गोलो कान्ते तर १९ वर्षांचा होईस्तोर पॅरिसजवळच्या सुरेनच्या हौशी क्लबात खेळत होता, अंगाने लहान म्हणून मोठ्या अकॅडम्यांनी घेतलं नाही. २०१८ चा वर्ल्ड कप फ्रान्सने जिंकला तेव्हा टीममध्ये तो होता. आपल्याकडचं पाहायचं तर आय. एम. विजयन त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकायचा, १७ व्या वर्षी केरळ पोलिसांनी घेतला, पुढे भारताचा कॅप्टन झाला. आणि आपल्या खापरखेड्याकडचा, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा उमेश यादव, तो १९-२० वर्षांचा होईस्तोर टेनिस बॉलवरच टाकत होता. (क्रिकेट आहे, मान्य. पण विदर्भात उदाहरण दिलं की उमेशचं नाव निघणारच.)

लहान वयात भरपूर बॉल पायाला लागला पाहिजे, याला माझा विरोध नाहीच. पण त्यासाठी ६०० किलोमीटर कशाला जाता?

"गावच्या मंडळात पोरं बिघडतात"

इथं मी अर्धा हरलो, आधीच सांगून टाकतो.

आधी जे खोटं आहे ते. म्हणे छोट्या मैदानावर सात-सात जणांत खेळून टेक्निक खराब होते. अरे, इंग्लंडमध्ये लहान पोरांचे सामने सात-सात जणांचेच ठरवून ठेवलेले, थोडे मोठे झाले की नऊ-नऊ, अकराचा पूर्ण मैदानाचा खेळ त्याच्यानंतर, कारण छोट्या मैदानावर एकेका पोराकडं बॉल जास्त वेळा येते. आम्ही जे आखर लहान पडते म्हणून नाइलाजाने करतो ते तिकडं नियमात लिहिलंय. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर, त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन टीमा उभ्या केल्या, तिथं कुठं हिरवळ होती?

आता जे खरं आहे ते. आमच्याकडं मंडळं टूर्नामेंटसाठी जगतात. १५ ऑगस्ट झाला, गणपती झाले, कोण्या भाऊच्या वाढदिवसाची ट्रॉफी आली, पहिलं बक्षीस एकवीस हजार, मग बाहेरून तीन-चार प्लेअर आणायचे, त्यांना हजार-हजार रुपये, एसटीचं भाडं आणि रात्रीचं मटण, आणि गावचे पोट्टे काय करतात तर पाण्याच्या बाटल्या भरतात. चौदा वर्षांच्या पोराने तीन महिने चिखलात प्रॅक्टिस केली आणि फायनलला त्याचं शर्ट काढून दुसऱ्याला दिलं. हे मी केलंय. फायनल जिंकलो, बँड वाजला, ट्रॅक्टरवर मिरवणूक निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन पोट्टे यायचे बंद झाले ते कायमचे, त्यातला एक डावखुरा होता, तसा डावा पाय मला परत दिसला नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे, पंधराच्या खालच्या टीममध्ये बाहेरचा कोणी नाही आणि जो प्रॅक्टिसला आला तो अर्धी मॅच खेळणारच. मागच्या दोन टूर्नामेंट पहिल्या राउंडलाच हरलो. सरपंच नाराज आहेत, राहू द्या.

"अकॅडमीत गेलं की सगळं तेच पाहतात"

'क्लबची अकॅडमी' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळून ठेवल्यात. एक, जिथं चाचणी घेऊन पोरगं निवडतात आणि त्याच्या बापाकडून पैसे मागत नाहीत. सरकारची क्रीडा प्रबोधिनी पण त्याच जातीची, तिथं निवड झाली तर मी स्वतः एसटीत बसवून देतो. दुसरी, जिथं चाचणीत सगळेच पास होतात आणि मग फीचा कागद पुढं येतो, शर्टावर विदेशी क्लबचं नाव. हे दुसरं म्हणजे मैदान असलेलं हॉस्टेल.

आमच्यातलं एक पोट्टं अकराव्या वर्षी अशाच एका ठिकाणी गेलं. नाव घेत नाही. वर्षाचे एक लाख साठ हजार, कापसाचे आले ते आणि बाकी मायचे दागिने गहाण. सत्तर पोरं, दोन कोच. वर्षभरात बाहेरच्या टीमशी मॅच किती झाल्या विचारलं तर ते बोटावर मोजून म्हणते, "सहा झाल्या सर, त्यातल्या दोन आमच्याच बी टीमसंग." सहा! आखरावर आम्ही एका महिन्यात त्याच्यापेक्षा जास्त खेळतो. दुसऱ्या वर्षी बोंडअळीने पऱ्हाटी गेली, बापाला हप्ता जमला नाही, तर शाळेची टीसी अडवून ठेवली, पोरगं चार महिने घरी बसून राहिलं आणि वर्ष वाया गेलं. दिवाळीत आलं तेव्हा त्याची आजी एवढंच म्हणाली, "याले जेवाले देत नव्हते काय वं?"

बरं, खऱ्याखुऱ्या क्लबाचं तरी काय पक्कं आहे? महाराष्ट्रातलंच पहा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीची अकॅडमी दुसऱ्या क्लबकडं गेली, तो एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये स्वतःच बंद पडला. जुलै २०२५ मध्ये तर देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग, आयएसएल, अख्खीच लटकली, काही क्लबांनी पगार थांबवले. जिथं मोठ्या प्लेअरचा पगार थांबते तिथं तेरा वर्षांच्या पोराचं दूध कोण पाहणार? आणि बार्सिलोना, मेस्सीचाच क्लब, १८ खालची विदेशी पोरं नियम मोडून घेतली म्हणून फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, त्याला २०१४ मध्ये प्लेअर खरेदीच्या दोन विंडोंची (खरेदीसाठी ठरलेले काळ) बंदी ठोठावली होती. क्लब चांगला असते तेव्हाही त्याला आपला फायदा दिसतच असते, मग आपण काहून डोळे मिटायचे?

म्हणून त्या कास्तकाराला मी चार प्रश्न लिहून दिले: एआयएफएफची मान्यता आहे काय, वर्षात बाहेरच्या मॅच किती, एका कोचमागं पोरं किती, आणि मधातच परत आणलं तर टीसी किती दिवसांत. त्याने अकॅडमीला फोन लावला तर पहिल्या प्रश्नावर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले, चौथ्यावर फोन कटला.

"काढलं म्हणजे दम नव्हता"

हॅरी केनला आर्सेनलने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं. आज इंग्लंडसाठी सगळ्यात जास्त गोल त्याचे. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने १६ व्या वर्षी काढलं, फॅक्टरीत काम करत छोट्या क्लबात खेळला, २०१६ मध्ये लेस्टरसोबत प्रीमियर लीग जिंकला. कान्तेसंग २०१८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या ग्रीझमनला उंचीपायी फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं.

निवडीत अजून एक गोम आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच टीममध्ये. अकरा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे अंगाने चांगलाच फरक. कितीतरी देशांत मोजून पाहिलंय, निवडलेल्या पोरांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतले जास्त निघतात. कोचला वाटते टॅलेंट आहे, असते नुसतं आधी जन्मलेलं. (आमच्या पिढीत गुरुजींनी सगळ्यांनाच १ जून लावली, तो घोळ वेगळा.)

"गावच्या क्लबाला काय मिळते"

यावर मात्र आपलीच चूक आहे, कारण आपण कागद करत नाही. फिफाचा नियम आहे, प्लेअर एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन विकला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ व्या वर्षापर्यंत जिथं जिथं शिकला त्या क्लबांत वाटायचे. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. आमच्या आखरावरून कोणी विदेशात जाईल असं मी म्हणत नाही, हसू नका. पण नोंद नसेल तर ते पोरगं आपल्याकडं खेळलंच नाही असं कागद म्हणते, आणि उद्या कोणी अकॅडमी "आम्हीच घडवलं" म्हणून फोटो लावते.

तर यंदा आम्ही मंडळाची जिल्हा संघटनेकडं नोंद करून पोट्ट्यांची नावं एआयएफएफच्या सीआरएसवर, म्हणजे प्लेअरच्या ऑनलाइन नोंदणीत, चढवतोय. सतरा जणांचे जन्मदाखले पाहिजेत, हातात आले चार. बाकीच्यांसाठी ग्रामसेवक शुक्रवारी येतो म्हणाला आहे. ते परत आलेलं पोट्टं आता लहान्यांना सकाळी पळवते, त्याचा दाखला त्याच्या मायने पहिल्या दिवशीच आणून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.