डावा कान

तो टी-शर्ट मी घेतला कारण तो काळा होता आणि काळ्यावर आमटीचे डाग दिसत नाहीत. सेलमध्ये २९९ला मिळाला. छातीवर गोल शिक्का, शिक्क्यात गरुड. मला वाटलं, कुठल्यातरी अमेरिकन सरकारी खात्याचा असेल. माझं पोटही जरा सरकारी असल्यामुळे शोभून दिसला.

दूध आणायला निघालो तर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा शिरला. पाठीवर गिटार, कानात बाळी. एरवी तो माझ्याकडे बघत नाही. मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी मी लावतो, त्यामुळे त्याचे वडीलही बघत नाहीत. आज मात्र माझ्या छातीकडे बघून पोराचा चेहरा उजळला.

"काका! रामोन्स ऐकता?"

'नाही रे, डाग दिसत नाहीत म्हणून घेतलाय' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण पन्नाशी उलटल्यावर विशीतलं पोर आपल्याकडे असं कौतुकानं बघतं, हे वर्षातून किती वेळा घडतं?

"थोडंफार," मी म्हणालो.

"फर्स्ट अल्बम?"

"तोच तर."

"रविवारी या ना घरी. ओरिजिनल रेकॉर्ड मिळवलीय. मित्र पण येतायत."

रविवारला चार दिवस होते. रात्री जेवणं झाल्यावर अभ्यासाला बसलो. अल्बमचं नाव बँडचंच: 'रामोन्स'. साल १९७६. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार पोरं. चौघांचं आडनाव रामोन, आणि एकही कुणाचा भाऊ नाही! बीटल्स बँडचा पॉल मॅकार्टनी एकेकाळी पॉल रॅमन असं नाव लावायचा, त्यावरून यांनी आडनाव उचललं आणि सगळ्यांनी वाटून घेतलं. आमच्याकडे राजपत्रात नाव बदलून घेताना माझ्या मेव्हण्याच्या चपला झिजल्या. आणि तो शिक्का चक्क अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून केलेला. फक्त गरुडाच्या एका पायात बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट आहे. म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

सगळ्यात आवडला तो हिशेब. रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीत एक स्टुडिओ होता, तिथे फेब्रुवारीत या मंडळींनी साधारण आठवड्याभरात अख्खा अल्बम उरकला. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. आमच्या ओट्याखालच्या ट्रॉल्या बसवायला सुताराला तीन महिने लागले आणि एक ट्रॉली अजून अडकते.

मग ऐकायला बसलो. माझ्या इअरफोनचा उजवा कान दिवाळीपासून गेलेला आहे. आधी वायर वाकडी धरली की चालायचा, नंतर तेही थांबलं. बातम्यांना एक कान पुरतो, जास्तच होतो. तोच डाव्या कानात घातला. सुरुवातीलाच ढोलपथकासारखी आरोळी. मग एक जाडी तार घुमत राहिली, ड्रम बडवला जात राहिला आणि एक माणूस नाकातून तक्रार करत राहिला. एका गाण्यात तर गायक स्वतःच जाहीर करतो की दुसरं कडवं पहिल्यासारखंच आहे. इतका प्रामाणिकपणा मी भावगीतात पाहिलेला नाही. दुसरं एक गाणं 'मला तळघरात जायचं नाही' एवढ्याच मुद्द्यावर आहे. आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये जूनपासून घोटाभर पाणी असतं, त्यामुळे ते मला सगळंच्या सगळं पटलं. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं. कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, तोवर आटोपलंसुद्धा. चार दिवसांत पंधरा वेळा ऐकला. "पित्त झालंय का?" बायकोनं विचारलं. मी ठेक्यात मान हलवत होतो.

रविवारी टी-शर्टला इस्त्री करून गेलो. तीन पोरं जमिनीवर बसली होती, मला सोफा दिला. रेकॉर्डवर सुई टेकायच्या आत मी माझं मत मांडलं. मतं आधी मांडावीत, नंतर वाव राहत नाही.

"मला विचाराल तर यांचं धाडस एकाच गोष्टीत आहे. रॉक बँड असून गिटार घेतलीच नाही."

खोलीत शांतता पसरली.

"गिटार... नाहीये?"

"शोधून दाखव."

त्यानं सुई ठेवली. उजव्या स्पीकरमधून पत्र्याच्या शेडवर गारा कोसळाव्यात तसं काहीतरी कोसळायला लागलं. अखंड, न थांबता, माझ्या उजव्या कानावर. चार दिवसांत ही गोष्ट त्या अल्बममध्ये नव्हती, हे मी कोर्टातही सांगितलं असतं.

"जॉनी रामोन," पोरगा हळूच म्हणाला. "सगळे डाउनस्ट्रोक." आणि हवेत हात मारून दाखवला, वरून खाली, वरून खाली, धुणं आपटल्यासारखा. वर जाताना तारेला स्पर्श नाही. या वेगात एक गाणं वाजवून बघा म्हणे, मनगट हातात येतं. पुढे म्हणाला, या रेकॉर्डवर बास, म्हणजे ती घुमणारी जाडी तार, डावीकडे आणि गिटार उजवीकडे काढलीय, मधोमध गाणं आणि ड्रम. मी सोफ्याच्या फटीत मावतो का ते पाहत होतो.

तेवढ्यात तो थबकला. "काका, एक मिनिट. तुम्ही फक्त लेफ्ट चॅनेल ऐकता?"

"हो," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे गिटार बंद ठेवून नुसती बासलाईन बसवता? पंधरा-पंधरा वेळा?"

हा आकडा त्याला कुणी सांगितला? बायको आणि त्याची आई भिशीला एकत्र असतात, ते नंतर लक्षात आलं.

"काका, आमचा बासवाला पुढच्या महिन्यात एमएसला जर्मनीला चाललाय." आवाज एकदम आदरयुक्त झाला होता. आतून त्याची आई पोह्यांची बशी घेऊन आली आणि पहिली माझ्यापुढे धरली. थकबाकीदाराच्या घरी, वर खोबरं भुरभुरलेले पोहे. "तुम्ही बास वाजवता ना?"

मी एक घास घेतला. शेव टी-शर्टवर सांडली, गरुडाच्या बॅटवर. दिसली नाही.

"थोडंफार," मी म्हणालो.