‘वहाण’ वाहनातून आली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘वहाण’ आणि ‘पायताण’ या शब्दांवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ‘वहाण’ माणसाला वाहून नेते, म्हणून तो ‘वाहन’चाच अपभ्रंश, आणि कोल्हापुरी ‘पायताण’ हा अशुद्ध, गावंढळ उच्चार, त्याला लेखात जागा नको होती. दोन्ही मला मान्य नाहीत.

‘न’चा ‘ण’ होतो हे तुमचं म्हणणं खरं, प्राकृतात ‘वाहन’चंही ‘वाहण’ झालं होतं. म्हणूनच त्या अक्षरावर निकाल लागत नाही. आधी लिंग पाहा. ते वाहन, पण ती वहाण, त्या वहाणा. ‘वहाण’ ज्यातून आली तो संस्कृत ‘उपानह्’ (पादत्राण) हा शब्द स्त्रीलिंगीच आहे. मग भावंडं पाहा: पालीत ‘उपाहना’, हिंदीत ‘पनही’. दोन्हींत ‘प’ शाबूत आहे. ‘वाहन’मधून हा ‘प’ कसा काढणार? प्राकृतात तो दोन स्वरांमध्ये सापडून ‘व’ झाला, ‘उवाणहा’. पुढे ‘ण’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या, आरंभीचा ‘उ’ गळला आणि ‘वाहणा’ उरलं. ‘उपविश्’पासून ‘बसणे’ झालं तेव्हाही असाच ‘उ’ गेला.

आता अर्थ. ‘नह्’ म्हणजे बांधणे. उपानह् म्हणजे पायाशी बांधलेली. कोल्हापुरी हातात घेऊन बघा: अंगठा, पट्टी आणि कान तळाशी शिवलेले असतात आणि पाऊल तेच धरून ठेवतात. वाहून नेण्याची कल्पना उच्चार जुळतो म्हणून मागाहून चिकटवलेली आहे.

‘पायताण’बद्दल मात्र मला जोरात बोलायचं आहे. तो ‘पादत्राण’चा सरळ वारस आहे. ‘पाद’चा ‘पाय’ तुम्ही रोज म्हणता. ‘त्र’चा ‘त’ झाला, जसा सूत्राचं सूत, क्षेत्राचं शेत होताना झाला. शेत अशुद्ध नसेल तर पायताण का? 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. दुकानांच्या पाट्यांवरही चप्पलच असते. अशा वेळी बोलीनं जपलेला शब्द शिक्षितांनीच हिणवला, तर तो जायला वेळ लागणार नाही.

जुन्या मजकुरात स्वतः शोधायचं असेल तर फक्त ‘वहाण’ शोधू नका. ‘वाहाण’, ‘वाहणा’, ‘वाहाणा’ हीही रूपं घ्या. आणि प्रत्येक ठिकाणी सोबतचं विशेषण किंवा क्रियापद तपासा, लिंग तिथेच कळतं.